थोरलीचं नाव काय टाकू?

हॉटेलवाल्याने टेपचं एक टोक मेहुण्याच्या हातात दिलं, दुसरं धरून तो थेट शेपटीपर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "ही शेपटी थोडी कापली तर चालेल ना? हॉटेलच्या बागेत मावत नाही."

"आधी माझं नाक कापा," कॅप्टन म्हणाले, "मग तिच्या शेपटीचं बघू."

हॉटेलवाला मोकळेपणाने हसला. त्याला वाटलं, कॅप्टन विनोद करताहेत. विनोद करणं कॅप्टनच्या स्वभावातच नव्हतं. या सगळ्या प्रकरणात लोक हसले ते नेमके कॅप्टन गंभीरपणे बोलत असताना, आणि त्याचा त्यांना अजूनही राग आहे.

"आत टेबल टाकू," हॉटेलवाला सांगत होता. "मुलं बसतील, आइस्क्रीम खातील. दाराला घसरगुंडी लावू. वरचा पंखा फिरता ठेवू."

"त्याला पंखा म्हणत नाहीत," कॅप्टन म्हणाले.

गल्लीत त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, बायको 'अहो' म्हणे, आणि हेलिकॉप्टरला ती 'थोरली' म्हणे. लग्नाच्या आधीपासून कॅप्टन तेच हेलिकॉप्टर उडवत होते, तेव्हा मी आपली धाकटी, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ज्या कंपनीत ते नोकरीला होते ती बुडाली आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात थोरली त्यांच्या गळ्यात पडली. इतरांच्या गळ्यात पडलेल्या वस्तू निदान गळ्यात मावतात. हिला शेड घ्यावी लागली, आणि शेडसाठी बायकोच्या धाकट्या भावाला, म्हणजे मेहुण्याला, अर्धा मालक करावं लागलं. मेहुणा विमा कंपनीत. जगातल्या यच्चयावत वस्तूत त्याला आधी अपघात दिसे, मग वस्तू दिसे. तरी डोंगरावरच्या टॉवरची दुरुस्ती करणारी माणसं वर पोचवायची आणि खाली आणायची, एवढ्या कामावर थोरलीचं आणि घराचं बरं चाललं होतं.

मग ते वर्तुळ आलं.

मोठ्या विमानतळाभोवती कोणीतरी नकाशावर एक वर्तुळ काढलं आणि नियम केला की येत्या एक तारखेपासून या वर्तुळात जे काही उडेल त्याच्यावर नवं यंत्र हवं. ट्रान्सपाँडर नावाची एक डबी. ती उडताना सारखी आकाशाला ओरडून सांगत राहते: मी अमुक, मी इथे, मी इतक्या उंचीवर. विमानतळाच्या मनोऱ्यातल्या पडद्यावर ते उमटतं. डबी नसेल तर उडायचं नाही. आता वर्तुळ काढणाऱ्याला काय माहीत, पण त्याची रेघ थोरलीच्या शेडच्या पलीकडून गेली होती. म्हणजे वर्तुळाबाहेर काम करायचं तरी आधी वर्तुळातून उडायला हवं. एक तारखेनंतर थोरली बाहेर पडणार ती एकतर डबी लावून, नाहीतर ट्रकवर निजून. ट्रक हॉटेलवाल्याचा होता. मेहुण्याने त्याला शब्द देऊन टाकला होता की तारीख उलटली तर ती तुमची.

"हयातभर मी कुठे आहे ते घरात सांगितलं नाही," कॅप्टन म्हणाले, "आणि आता आकाशाला सांगू?"

"म्हणून तर बसवा," बायको म्हणाली. "आणि एक मलाही आणून द्या. तुमच्या खिशात टाकते."

पण हॉटेलवाला गेल्यावर ती शेडच्या दारात बराच वेळ उभी राहिली. त्याला तिने चहा विचारला नव्हता. घरी आलेल्या माणसाला चहा न विचारण्याची तिची ही पहिलीच वेळ.

सल्ल्याला गल्लीत तोटा नव्हता. औषधाच्या दुकानदाराने त्याच्या स्कूटरला चोरीच्या भीतीने बसवलेलं यंत्र काढून दाखवलं. म्हणाला, हेच लावा, हेही सांगतं कुठे आहे ते. शेजारच्या सरांनी, म्हणजे गणिताच्या निवृत्त मास्तरांनी, मूळ वर्तुळच चुकीचं काढलंय असं सिद्ध केलं आणि त्याची त्रिज्या बदलून मागा असा अर्ज खरडायला घेतला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, इतकं जुनं झालंय तर नवीनच का घेत नाही? जणू काही मिक्सर. कॅप्टननी सर्वांचे आभार मानले. आभार मानताना त्यांचे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले असत.

डबी बसवायला जो तंत्रज्ञ मिळाला त्याचं नाव विचारायची कोणाला गरजच पडली नाही. कोणताही प्रश्न विचारा, तो म्हणे, "होऊन जाईल." म्हणून तो 'होऊनजाईल' झाला. त्याने समोरचं पॅनेल उघडलं आणि आत बघून शीळ घातली. कॅप्टनना शीळ मुळीच आवडली नाही. डॉक्टरने पोट दाबून शीळ घातली तर आपल्याला कसं वाटेल?

"काय झालं?"

"सगळ्या वायरी पांढऱ्या आहेत."

"मग?"

"एकाच रंगाच्या आहेत ना. कुठली कशाची ते ओढून बघावं लागेल."

"ओढून?"

"होऊन जाईल."

त्याने ओढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दिवे गेले. दुसऱ्या दिवशी दिवे आले, पण इंधनाचा काटा गेला. नवी डबी वहीएवढी, नवा रेडिओ तिच्यातच; जुना रेडिओ ट्रंकेएवढा. ट्रंक काढून वही बसवल्यावर थोरलीचं नाक हलकं झालं आणि शेपटी खाली बसली. तोल साधायला वजन किती आणि कुठे ठेवायचं, हे गणित सरांनी हौसेने अंगावर घेतलं. उत्तर बरोबर आलं, फक्त चिन्ह उलटं पडलं. शिशाच्या पट्ट्या नाकाऐवजी शेपटीत ठोकल्या गेल्या आणि थोरली शेडमध्ये आभाळाकडे तोंड करून बसली. पट्ट्या उपटून पुन्हा नाकात ठोकाव्या लागल्या.

"चिन्हाचं काय एवढं," सर म्हणाले. "संख्या बघा, संख्या."

इकडे विमान खात्याच्या कचेरीत निराळंच. तिथल्या कारकुनाच्या संगणकात हेलिकॉप्टरांची यादी होती. तीत थोरलीचं मॉडेल नव्हतं.

"फार जुनं आहे हो तुमचं. जवळचं काहीतरी निवडा."

"जवळचं म्हणजे?"

त्याने पडदा कॅप्टनकडे फिरवला. थोरलीइतक्या वजनाचं, थोरलीइतक्या वेगाचं असं त्या यादीत एकच नाव शिल्लक होतं: गरम हवेचा फुगा.

कॅप्टन घरी येऊन जेवले नाहीत. वर्षानुवर्षं वादळवाऱ्यात डोंगरमाथ्यावर माणसं उतरवणारा माणूस, आणि सरकारदरबारी फुगेवाला! फुगा खोडून हेलिकॉप्टर लिहून घ्यायला त्यांना इतक्या खेपा घालाव्या लागल्या की कचेरीच्या दारावरचा पहारेकरी त्यांना "आज फुटला का?" असं विचारू लागला. शेवटी तो फुटला. तपासणी अधिकाऱ्याने चाचणीची तारीख दिली. महिन्याचा अगदी शेवटचा दिवस.

"त्या दिवशी उडायचं," अधिकारी म्हणाला. तो बोलताना कागदाकडे बघे, माणसाकडे बघत नसे. "मी मनोऱ्यात पडद्यासमोर असेन. झुलू लीमा हे तुमचं नोंदणीचं नाव. झुलू लीमा पडद्यावर दिसलं, तर परवाना. नाही दिसलं, तर नाही."

"आणि काही कारणाने चाचणीच झाली नाही तर?" सोबत आलेल्या मेहुण्याने विचारलं.

"उड्डाणच झालं नाही तर पुढची तारीख मिळते. उडून नापास झालात तर मिळत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मेहुण्याने ठेवलं होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सरांनी कॅप्टनना बळेच घरी बोलावलं. चिन्हाच्या चुकीची टोचणी त्यांना लागली असावी. कॅप्टन खुर्चीच्या टोकावर बसले होते. मन शेडमध्ये, कान फोनवर. तेवढ्यात फोन वाजला. शेडमधून होऊनजाईल बोलत होता, पाठीमागे ड्रिल चालू.

"साहेब, सगळं झालं. शेवटचा रकाना राहिलाय. नाव काय टाकू?"

ड्रिलमुळे कॅप्टनना एवढंच ऐकू आलं की सगळं झालं. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच वेळी सरांच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "भावोजी, काय घेणार? चहा की कॉफी?"

"काही नको!" कॅप्टन म्हणाले. फोन कानालाच होता.

"काही नको?" होऊनजाईलने विचारलं.

"असं कसं, थोडं तरी," सरांची बायको म्हणाली.

"अहो काही नको, खरंच काही नको!"

"दोनदा नाही बसत, साहेब," होऊनजाईल म्हणाला. "आठच अक्षरं मावतात. थांबा, मोजतो. के, ए, एच, आय... हां, एकदा बरोब्बर बसतंय. टाकू?"

कॅप्टनना ऐकू आलं ते फक्त 'टाकू?' ड्रिल अजून चालूच होतं.

"टाका, टाका. टाकून मोकळे व्हा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सरांच्या बायकोने शेवटी कॉफी आणलीच, ती त्यांनी मुकाट्याने प्यायली.

आता कोणी म्हणेल, होऊनजाईलला शंका यायला नको होती का? पण त्याने आजवर विमानांवर लोकांनी टाकलेली नावं पाहिली होती. कोणी मुलीचं टाकतं, कोणी कुत्र्याचं. वैतागलेल्या मालकाने 'काही नको' टाकलं तर त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

सकाळी नदीवर धुकं होतं. दाट नव्हतं, पण पांगतही नव्हतं. चाचणीत डबीवरचे आकडे वाचायला दुसरा माणूस हवा, असा नियम, आणि तो दुसरा माणूस मेहुणा होता. त्याने पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला आणि बहिणीकडे बघून हात हलवला. बहीण शेडच्या दारात उभी होती. तिच्या मागे हॉटेलवाला आणि हॉटेलवाल्याच्या मागे ट्रक. तो म्हणाला होता, सहज आलो.

"झुलू लीमा, उड्डाण करा," मनोऱ्यातून एका बाईंचा आवाज आला. कॅप्टननी दांडा उचलला, आणि थोरली थरथरत, कुरकुरत, पण डौलात जमिनीवरून उठली. एवढ्या दिवसांचा वैताग कॅप्टनच्या अंगावरून उतरला. ते चक्क गुणगुणू लागले.

बोलण्याच्या बटणाची पांढरी वायर होऊनजाईलने नुसती चिकटपट्टीने गुंडाळली होती. पहिल्याच थरथराटात ती निसटली. म्हणजे कॅप्टनना मनोऱ्याचं ऐकू येत होतं, मनोऱ्याला कॅप्टनचं नाही. हे त्यांना पुढे कळलं. त्या क्षणी त्यांना एवढंच कळलं की मनोऱ्यातल्या बाई विचित्र वागताहेत.

"झुलू लीमा, आपण पडद्यावर दिसत नाही. जागा कळवा."

"पुलाच्या वर आहे!" कॅप्टन म्हणाले.

"झुलू लीमा, जागा कळवा."

"पूल! पूल! नदीला एकच तर पूल आहे!"

मग बाईंचा आवाज कडक झाला. "काही नको, आपली उंची कळवा."

कॅप्टननी मेहुण्याकडे पाहिलं. "काही नको म्हणते, आणि वर उंची कळवा म्हणते."

"घाईत असतील."

"काही नको, आपण विनापरवानगी उडत आहात. ताबडतोब डावीकडे वळा."

"काही नको तर वळू कशाला?" कॅप्टन भडकले. "एक काय ते बोला म्हणावं. आमच्या वेळी मनोऱ्यात माणसं धड बोलायची!"

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "ते समोर काय आहे?"

"विमान."

"मोठं आहे का हो?"

"उतरायला आलेलं दिसतंय. प्रवासी."

"मोठं होतंय हो ते."

"काही नको, डावीकडे वळा! काही नको, डावीकडे!" बाई आता जवळजवळ ओरडत होत्या.

मेहुण्याचं काम आकडे वाचण्याचं होतं. भीतीने माणूस नेमून दिलेलं काम करू लागतो. त्याने डबीच्या चिमुकल्या खिडकीत नाक खुपसलं आणि वाचू लागला. "उंची ठीक. वेग ठीक. इथे खाली इंग्रजीत काहीतरी आहे. के. ए. एच. आय."

"पुढे?"

"एन. ए. के. ओ. काही... नको."

"कोणाला नको?"

"कोणाला नाही, भावोजी." मेहुण्याचा आवाज बसला. "नाव आहे ते. आपलं. त्या बाई मघापासून आपल्यालाच हाका मारताहेत."

कॅप्टनच्या डोळ्यांपुढे सरांची खुर्ची आली, ड्रिलचा आवाज आला, आणि त्यांनी थोरलीला डावीकडे असं झोकलं की मेहुण्याने पट्ट्यासकट किंकाळी फोडली. विमान उजव्या बाजूने वर चढत निघून गेलं. अंतर होतं, पुरेसं होतं. पण खिडक्या दिसल्या. खिडक्यांच्या आत माणसं असतील, एवढा विचार कॅप्टनच्या मनात आला.

पुढचं सगळं ते ऐकत राहिले. दुसरं काही करताही येत नव्हतं. बाईंनी त्या विमानाला वर थांबायला सांगितलं, पाठोपाठ येणाऱ्यालाही सांगितलं, त्याच्या मागच्यालाही. एक अनोळखी हेलिकॉप्टर वर्तुळात फिरतंय, उत्तर देत नाही. आणि झुलू लीमा नावाचं दुसरं हेलिकॉप्टर उडालं ते बेपत्ता आहे. नदीवर शोधनौका पाठवत आहोत. दोन्हींचा पत्ता लागेपर्यंत कोणी उतरू नये.

"आपल्याला शोधायला नाव पाठवताहेत," मेहुणा म्हणाला. "आपण वरून ती बघायची."

आणि मग बाईंचा आवाज पुन्हा आला. या वेळी जरा सावकाश, समजुतीच्या सुरात.

"काही नको, तुम्ही वळलात. म्हणजे तुम्हाला ऐकू येतंय, बोलता येत नसावं. तुम्हीच झुलू लीमा असाल, तर ओळखीचं बटण दाबा."

डबीवर ते बटण होतं. दाबलं की मनोऱ्यातल्या पडद्यावर आपला ठिपका लुकलुकतो. कॅप्टननी बोट उचललं.

"थांबा!" मेहुण्याने त्यांचा हात धरला. अपघात तपासणारा मेहुणा आता पूर्ण जागा झाला होता. "दाबू नका. विचार करा. दाबलंत की आपणच ते विनापरवानगी उडणारे. मग नापास. मग पुढची तारीख नाही. डबी बंद करा. नदीच्या अंगाने खालून शेडमध्ये जाऊ. वायरी बिघडल्या, उठताच परत टेकलो, उड्डाण झालंच नाही म्हणू. पुढची तारीख मिळेल. थोरली वाचेल, भावोजी! मी हॉटेलवाल्याला थोपवतो, माझा शब्द."

हे सगळं खरं होतं. मेहुणा पहिल्यांदाच थोरलीच्या बाजूने बोलत होता, हेही खरं होतं. खाली धुक्यात नदीचा पट्टा दिसत होता. तिथून शेड काही लांब नव्हती, आणि ही नदी कॅप्टनना पाठ होती. कोणाला कळलंही नसतं.

कॅप्टननी वर पाहिलं. विमानं दिसत नव्हती, ढगांच्या वर होती. पण आवाज येत होता. ती गोल गोल फिरत होती, आणि त्यांच्यामुळे फिरत होती. नदीवर नौकेतली माणसं धुक्यात त्यांची प्रेतं शोधायला निघाली होती. आणि बटण दाबलं तर थोरलीच्या पोटात आइस्क्रीमची टेबलं, दाराला घसरगुंडी. ही त्यांची थोरली होती. एवढ्या वर्षांत तिने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता. त्या क्षणी त्यांना तिच्यासाठी खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं, हे सांगायला हवं.

त्यांनी बटण दाबलं.

"दिसलात," बाई म्हणाल्या. नुसत्या आवाजावरून त्यांनी खुर्चीत पाठ टेकली हे कळलं. "काही नको, आता मी सांगते तसं करा. कळलं की दाबत चला."

उजवीकडे. दाबलं. थोडं खाली. दाबलं. धुक्यातून पूल सरला, घरांची छपरं सरली. कॅप्टन आयुष्यात पहिल्यांदा एका बाईचं सगळं सांगणं मध्ये न बोलता ऐकत होते, कारण बोलताच येत नव्हतं. थोरली शेडसमोर टेकली तेव्हा मेहुणा आधी उतरला आणि जमिनीवर बसकण मारून राहिला.

तपासणी अधिकारी गाडीने आला. सगळे शेडपाशी उभे होते: बायको, हॉटेलवाला, सर, आणि एका बाजूला होऊनजाईल, ज्याचा चेहरा आज काही केल्या होऊन जाईल असं म्हणत नव्हता. अधिकाऱ्याने कागद काढला.

"झुलू लीमा पडद्यावर दिसलं नाही," तो म्हणाला.

कॅप्टननी मान खाली घातली. "नाही."

"विनापरवानगी उडणारं यान दिसलं."

"हो."

हॉटेलवाल्याने ट्रकच्या चालकाला हात केला. बायकोने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की हात तसाच हवेत राहिला.

"पण," अधिकारी कागदाकडे बघत म्हणाला, "यानाने बटण दाबून आपण झुलू लीमा असल्याचं कळवलं. झुलू लीमाला परवानगी होती. म्हणजे परवानगी असलेल्यानेच उड्डाण केलं. न कळवता गेला असतात, तर एक बेपत्ता आणि एक विनापरवाना, असे दोन गुन्हे माझ्याकडे पडले असते आणि दोन्ही तुमचेच."

मेहुणा जमिनीवरून हळूच उठला आणि होऊनजाईलच्या मागे जाऊन उभा राहिला.

"आणि रेडिओ बंद होता, त्याचं?" कॅप्टननी स्वतःच विचारलं. त्यांना प्रामाणिकपणाचा झटका आला होता.

"रेडिओ आमच्याकडे येत नाही. तो दुसरा विभाग. दुरुस्त करून घ्या." अधिकाऱ्याने पान उलटलं. "जागा अचूक. उंची अचूक. यंत्र उत्तम. फक्त यंत्रातलं नाव आणि नोंदीतलं नाव एक नाही."

"यंत्रातलं बदलतो की," होऊनजाईल पुढे झाला. "आत्ता होऊन जाईल."

"यंत्राला हात लावलात की पुन्हा चाचणी. पुन्हा चाचणीची तारीख एक तारखेनंतरची."

सरांनी खिशातून पेन काढलं, पण यात गणित कुठे आहे ते त्यांना सापडेना.

"नोंदीतलं नाव बदलता येतं," अधिकारी म्हणाला. "साधा अर्ज. आज दिलात तर आज."

हे कॅप्टनच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. "म्हणजे... रेडिओवर मी स्वतःला..."

"तसंच म्हणावं लागेल."

"सगळ्यांच्या देखत?"

"ऐकणाऱ्यांच्या देखत."

"किती दिवस?"

"नाव आहे हो ते," अधिकारी म्हणाला आणि त्याने पहिल्यांदाच माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाव किती दिवस असतं?"

ज्या माणसाने फुगा खोडायला कचेरीचे उंबरठे झिजवले, त्याने आता स्वतःच्या हाताने हे लिहून द्यायचं! कॅप्टनचे कान लाल झाले. ते बायकोकडे वळले. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"द्या हो लिहून," ती म्हणाली. "थोरली घरात राहतेय ना? मग काय म्हणायचं ते म्हणू देत लोकांना."

कॅप्टननी सरांच्या हातातलं पेन घेतलं.

एक तारखेला आकाश लख्ख होतं. मागे टॉवर दुरुस्त करणारी दोन माणसं हत्यारांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. पंख्याने वेग घेतला होता. बोलण्याच्या बटणाला आता लाल वायर होती, आणि ती ओढून बघितलेली होती. कॅप्टननी बटणावर अंगठा ठेवला, घसा साफ केला आणि अंगठा काढून घेतला. रेडिओवर बरीच वर्दळ होती. मोठमोठी विमानं, मोठमोठ्या कंपन्यांचे मोठमोठे कॅप्टन, सगळे ऐकत होते.

"उशीर होतोय का काही?" मागून एकाने विचारलं.

कॅप्टननी बटण दाबलं. "मनोरा," ते म्हणाले. आवाज चोरल्यासारखा निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, ठणठणीत. "मनोरा, काही नको बोलतोय. डोंगरावर जायला परवानगी हवी आहे."

रेडिओवरची वर्दळ थांबली. कोणीतरी दूरवर, बहुधा ढगांच्या वरून, खुदकन हसलं. कॅप्टननी दात दाबले आणि ताठ बसून राहिले.

"काही नको, आज सगळ्यात आधी तुम्हीच दिसलात," मनोऱ्यातल्या बाई म्हणाल्या. "वाट मोकळी करून ठेवलीय. उड्डाण करा."

थोरली उठली. शेड खाली गेली, दारातली बायको लहान झाली, आणि ते वर्तुळ, जे नकाशावर होतं आणि खाली कुठेच दिसत नव्हतं, त्यातून ती सरळ डोंगराकडे निघाली. कॅप्टन उत्तर द्यायचं विसरले होते.

"काही नको, ऐकू आलं ना?"

"आलं," कॅप्टन म्हणाले. "आलं हो बाई, आलं."